पंचमंडळास खुलं पत्र : हा तक्ता मी भरणार नाही

आदरणीय पाळकसाहेब आणि पंचमंडळातल्या वडीलधाऱ्यांनो,

प्रभूमध्ये सलाम.

सुधारणा रविवार, म्हणजे ल्यूथर यांच्या धर्मसुधारणेच्या आठवणीचा रविवार, होऊन आठ दिवस झाले होते. उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये चिटणीसांनी एक ठराव वाचून दाखवला. स्त्रीमंडळाची सहल, मुलांचा नाताळच्या गाण्यांचा सराव, आणि मग हा ठराव. दीड मिनिट लागलं असेल. यापुढे चर्चमध्ये अंत्यविधीची पूर्ण उपासना फक्त 'ज्यांचे ख्रिस्ती आचरण व सेवा समाधानकारक आहे' अशा सभासदांची होईल, बाकीच्यांसाठी दफनभूमीवर संक्षिप्त प्रार्थना. समाधानकारक कोण, हे ठरवायला घरोघर एक तक्ता दिला आहे. उपासनेची हजेरी, दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला), आजाऱ्यांच्या भेटी, उपास-प्रार्थना, व्यसन आहे की नाही, असे रकाने. वर्षातून दोनदा भरून द्यायचा, पंच तपासणार आणि खाली शेरा मारणार. तक्त्याच्या डोक्यावर बायबलातल्या याकोबाच्या पत्रातलं वचन छापलं आहे : क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे.

मी पंचांना दोनदा भेटले. "वार्षिक सभेत मांडा," एवढंच उत्तर मिळालं. वार्षिक सभेत अशा विषयाला किती वेळ मिळतो ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी पाऊण तास मागच्या पत्र्याच्या शेडवर गेला. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. मंडळीचं नाव मी लिहीत नाही. वास्कोत मराठीतून उपासना करणाऱ्यांना ते कळेल, इतरांना कळण्याची गरज नाही.

आता माझा यात काय संबंध ते आधीच सांगते, म्हणजे "हिचं वैयक्तिक दुखणं आहे" असं मागाहून कोणी म्हणायला नको. दुखणं वैयक्तिकच आहे.

माझे बाबा १९७६ साली नगरहून गोव्यात आले. बार्जच्या इंजिनावर फिटर. मांडवीतून, झुआरीतून खनिज भरून मुरगाव बंदरात उतरवणाऱ्या बार्जींवर त्यांचं आयुष्य गेलं. हाताचा डिझेलचा वास कधी गेलाच नाही. आई म्हणायची, साबणाची वडी संपते पण वास काही संपत नाही. बाबा प्यायचे. २०१२ साली खाणी बंद झाल्या, बार्जी काठाला बांधून पडल्या आणि ते जास्त प्यायला लागले. खाणबंदीने त्यांना दारू लावली असं मी म्हणणार नाही. दारू आधीपासून होती, फक्त सकाळी उठून न पिण्याचं कारण गेलं. आईच्या बांगड्या गेल्या. चर्चला येणं सुटलं. शेवटची नऊ वर्षं तर नाताळलाही आले नाहीत. तुमच्या तक्त्यातला एकही रकाना त्यांच्याच्याने भरला नसता. हे मी माझ्या हाताने लिहिते आहे, कारण उद्या तुमच्यापैकी कोणी ते मला ऐकवण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

मग यकृत गेलं. शेवटचे पाच महिने ते घरीच अंथरुणावर होते. मी कामावरून आले की त्यांना वाचून दाखवायचे. "त्या दुसऱ्या चोराचं वाच," म्हणायचे. लूक, तेविसावा अध्याय. येशूच्या दोन्ही बाजूंना दोन अपराधी वधस्तंभावर टांगलेले. एक टोमणे मारतो. दुसरा म्हणतो, आपल्याला आपल्या कर्माचंच फळ मिळतंय, याने मात्र काही वाईट केलेलं नाही. आणि मग येशूला म्हणतो, तू राज्याधिकाराने येशील तेव्हा माझी आठवण ठेव. रोज तेच. एकदा मी वैतागून विचारलं, "बाबा, दुसरं काही वाचू का?" तर म्हणाले, "नको गं. त्याच्याकडेपण दाखवायला काही नव्हतं."

पाळकसाहेब, तुम्ही एकदा आमच्याकडे आलात. मुसळधार पावसात आलात आणि प्रार्थना मनापासून केलीत, ते मी विसरलेले नाही. त्या दिवशी बाबांनी तुम्हाला विचारलं, "पाळकसाहेब, माझं होईल का?" तुम्ही जरा थांबलात. मग म्हणालात, "फार उशीर केलात हो. आता देव बघेल."

तुम्ही गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या संध्याकाळी त्यांनी चोराचं वाचायला सांगितलं नाही. त्यानंतर ते आठ दिवस जगले.

हाच प्रश्न बायबलात फिलिप्पै नगराच्या तुरुंगात बंदिशाळेच्या नायकाने प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना विचारला होता. भूकंपाने दारं उघडली, कैदी पळाले असतील या भीतीने तो तलवार उपसून स्वतःचा जीव घ्यायला निघाला होता. तारण होण्यासाठी मी काय करू, असं त्याने थरथरत विचारलं. त्याला मिळालेलं उत्तर आपल्या संडे स्कूलच्या सहा वर्षांच्या पोराला पाठ आहे : प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझं तारण होईल. उशीर केलास, असं पौल त्याला म्हणाला नाही. त्याची हजेरीही काढली नाही. आणि त्या माणसाने काय केलं? त्याच रात्री, त्याच घटकेला, त्यांच्या पाठीवरच्या फटक्यांच्या जखमा धुतल्या, घरी नेऊन जेवू घातलं. सत्कर्म झालं ते असं, उत्तर कानावर पडल्यावर.

बाबा जुलैत गेले. देह चर्चमध्ये आणायचा नाही, असा निरोप आला. दफनभूमीवर भर पावसात अकरा मिनिटं. माझ्या भावाने घड्याळ लावलं नव्हतं, पण अशा वेळी माणसाला मिनिटं कळतात. तुम्ही म्हणालात, "या भावाविषयी आपण काही सांगू शकत नाही. त्याचा हिशेब तो आणि देव जाणे."

महिनाभराने आपल्या मंडळीचे एक मोठे देणगीदार वारले. चर्च भरलं होतं. दोन तास उपासना, तीन गायनं, पाच जणांची भाषणं. तुम्ही पुलपिटावरून म्हणालात, "त्यांच्या सत्कर्मांनी त्यांच्यासाठी स्वर्गाचं दार आधीच उघडून ठेवलं होतं." ते गृहस्थ चांगले होते. आमच्याच चाळीतल्या एकाच्या डायलिसिसचे पैसे ते कित्येक महिने गुपचूप भरत होते, हे मला बाहेरून कळलं. त्यांच्या शवपेटीवरची फुलं मला खुपली नाहीत. खुपलं ते हे की एकाच पावसाळ्यात एकाच पुलपिटावरून दोन शुभवर्तमानं सांगितली गेली. गरिबाचा हिशेब देवाकडे, आणि श्रीमंताचा तुमच्याकडे, तोही आधीच चुकता झालेला.

आणि आता नोव्हेंबरात तुम्ही याचाच नियम केलात.

पहिली तक्रार शिकवणुकीची. मी काही ईश्वरज्ञान शिकलेली नाही. पण आपली मंडळी ज्या प्रॉटेस्टंट परंपरेतली आहे तिचा जन्मच या प्रश्नावर झाला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर यांनी पंच्याण्णव मुद्दे मांडले, त्यामागे काय होतं? रोममधल्या संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामासाठी पैसे द्या आणि पापाच्या शिक्षेची माफीपत्रं घ्या, ही विक्री. दर वर्षी सुधारणा रविवारी तुम्ही ही गोष्ट आम्हाला सांगता. यंदाही सांगितलीत. आठ दिवसांनी तक्ता आला, आणि त्यात दशमांशाचा रकाना हजेरीच्या खालोखाल दुसरा.

पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय काढा. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचं दान आहे, कर्मांनी झालेलं नाही, कोणी फुशारकी मारू नये म्हणून. आठवी आणि नववी ओळ. आपण नेहमी तिथेच थांबतो. दहावीत तो म्हणतो की आपण सत्कृत्यांसाठीच निर्माण झालो आहोत आणि ती कृत्यं देवाने आधीच योजून ठेवली आहेत. म्हणजे कर्मं पौलाने फेकून दिलेली नाहीत. फक्त ती कुठे येतात हे तो सांगतो.

हे मला बाबांनी एकदा त्यांच्या भाषेत सांगितलं होतं, ते शुद्धीत असतानाच्या एका रविवारी. मांडवीतून झुआरीत यायला कुंभारजुव्याचा कालवा आहे. त्यात पाणी कमी असलं की भरलेली बार्ज गाळात बसते. आतले खलाशी कितीही आपटले, बांबूंनी कितीही रेटली, तरी ती बोटभर सरकत नाही. भरती यावी लागते. भरती कोणाच्या बापाच्याने आणता येत नाही, ती येते. पण भरती आल्यावर इंजिन चालू करून निघायचं असतं. तसंच बसून राहिलं तर ओहोटीला बार्ज पुन्हा गाळात. "पाणी आपलं नाही, पण इंजिन आपल्याला दिलंय," असं म्हणाले होते. स्वतःचं इंजिन त्यांनी नीट चालवलं नाही, मान्य. पण भरती कुठून येते याबद्दल त्यांचा गोंधळ नव्हता. तुमच्या ठरावाचा आहे.

दुसरी तक्रार याकोबाबद्दल, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण तुम्ही वचन त्याचंच छापलंय.

ल्यूथर यांना याकोबाचं पत्र फारसं आवडायचं नाही. १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्यांनी त्याला गवताचं पत्र म्हटलं होतं. मला त्यांचं पटत नाही. बायबलमध्ये आमच्यासारख्या कष्टकऱ्यांच्या बाजूने इतक्या तडफेने बोलणारं दुसरं पत्र दाखवा. शेतात राबलेल्या मजुरांची अडकवलेली मजुरी ओरडते आहे, असं याकोबच लिहितो. पण तुम्ही त्याच्या दुसऱ्या अध्यायाची शेवटची ओळ घेतलीत. कृपा करून तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. सुरुवात कशाने होते? तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला, भारी कपड्यातला माणूस आला आणि त्याच वेळी मळक्या कपड्यातला गरीब आला, तर तुम्ही अंगठीवाल्याला म्हणता, या, इथे चांगल्या जागी बसा, आणि गरिबाला म्हणता, तू तिकडे उभा राहा. असं केलंत तर तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झालात की नाही, असं याकोब विचारतो.

एकाला दोन तास, चर्चमध्ये. एकाला अकरा मिनिटं, पावसात.

त्याच अध्यायात दहाव्या ओळीत तो म्हणतो की सगळं नियमशास्त्र पाळून जो एकाच बाबतीत चुकतो तो सगळ्यांबद्दल दोषी ठरतो. मग याकोबाच्या मापाने शेरा मारायचा तर या मंडळीत 'समाधानकारक' कोण उरेल? पंचमंडळातल्या सात जणांपैकी एक तरी? मी टोमणा मारत नाही, खरंच विचारते आहे. आणि क्रियांवाचून विश्वास निर्जीव हे तो कोणाला सुनावतो? उघड्यानागड्या, उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव" असं म्हणून हातावर काहीच न ठेवता वाटेला लावणाऱ्याला. दाराशी आलेल्याला रिकाम्या हाताने परतवणाऱ्याला. त्याची ओळ आज छापली आहे ती कोणाला दाराबाहेर ठेवायचं ते ठरवण्याच्या कागदावर.

तिसरी तक्रार सगळ्यात जास्त लागली, आणि ती पुस्तकातली नाही.

आपल्यापैकी बहुतेकांची मुळं नगरकडची, काहींची सोलापूर-कोल्हापूरकडची. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या काळात आपली घरं एकेक करून आली. माझे पणजोबा गावाच्या वेशीबाहेर राहत. मेलेलं ढोर ओढायचं ते त्यांनी, आणि पाणी प्यायचं ते कोणी वरून ओतेल तेव्हा. का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार होतं : हे तुमचं संचित. मागच्या जन्मी केलंत ते आता भोगताय, या जन्मी नीट वागा, पुढच्या जन्मी बघू. ते ख्रिस्ती का झाले याची घराण्यात एकच गोष्ट सांगितली जाते. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं की एक देव असा आहे जो तुझी मागची वही मागत नाही. बस. शाळा, दवाखाना, दुष्काळातलं धान्य, हे सगळंही असेल, मी नाकारत नाही. पण आजी ही गोष्ट सांगताना 'वही मागत नाही' या शब्दांवर थांबायची.

तुम्ही ती वही पुन्हा उघडलीत, पंच हो. रकाने आखून.

मला याचा राग जितका येतो तितकंच कारणही कळतं. आपण मराठीत विश्वास ठेवतो, आणि मराठी शब्द रिकाम्या हाताने येत नाहीत. पुण्य, संचित, कर्म, फळ, हे शब्द आपल्या घरात आधीपासून बसलेले आहेत. याच गोव्यात, सासष्टीतल्या रायतूरला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये, आणि त्यांनी स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. छान केलं. लोकांना कळेल असा शब्द वापरायलाच हवा होता. पण शब्द घेताना त्यांच्याबरोबरचा पाप-पुण्य तोलणारा ताजवाही आत येतो, तो दारात काढून ठेवायचं काम पाळकांचं असतं. आणि उगीच हिंदू शेजाऱ्यांवर खापर फोडू नका. हा ताजवा मोडायचा प्रयत्न आपल्या संतांनीही केला आहे. पंढरपुरात चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीशी का आहे, ते कोणालाही विचारा. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

पंडिता रमाबाईंचंही सांगते, कारण स्त्रीमंडळात आपण त्यांची पुण्यतिथी करतो आणि मग त्यांना विसरतो. बाईला तिच्या बाईपणामुळे मोक्ष नाही, असं शास्त्र वाचून त्या बाहेर पडल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. आणि पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली. दुष्काळातल्या शेकडो बायका-मुलींना केडगावला आणून सांभाळणारी बाई हे लिहिते! तिच्या कामाची बेरीज कोणी केली असती तर आपल्या सगळ्यांची मिळून तितकी भरणार नाही. तिने ती केली नाही.

चौथी तक्रार थोडक्यात. बाबांच्या आजारपणात रोज सकाळी साडेदहाला शेजारच्या काकी पेज आणून द्यायच्या. वर खारातली आंब्याची फोड. मी कामावर, आई गुडघ्यांनी अडलेली, त्यामुळे बाबांना भरवायच्याही त्याच. काकी वास्कोच्या दामोदर देवाच्या भक्त, भजनी सप्ताहाला रात्रभर जागणाऱ्या. बाबांच्या दफनाला त्या आल्या होत्या. पुढच्या रविवारी पुलपिटावरून तुम्ही, नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं म्हणालात, की जे प्रभूला ओळखत नाहीत त्यांची सगळी सत्कर्मं घाणेरड्या वस्त्रासारखी आहेत. वचन यशयाचं, चौसष्टावा अध्याय. पाळकसाहेब, यशया तिथे 'आमची' म्हणतो. 'आमची सर्व धर्मकृत्ये.' तो स्वतःला धरून, आपल्या लोकांना धरून देवासमोर रडतो आहे. 'त्यांची' असं तो म्हणत नाही. हेच वचन महिन्याभराने देणगीदारांच्या अंत्यविधीला का आठवलं नाही?

काकींच्या तारणाचं काय, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाच्या वेळी राजा मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो ती भुकेल्याला अन्न दिलं की नाही यावर. हा उतारा आपल्या शिकवणुकीत सहज बसत नाही, आणि मी तो गुंडाळून ठेवत नाही. पण त्यातली एक गोष्ट बघा. उजवीकडचे, म्हणजे मेंढरं ठरलेले, चक्रावून विचारतात, "प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं आणि खायला दिलं?" त्यांना आठवतच नाही. त्यांनी लिहून ठेवलेलं नाही. काकींना विचारा तुम्ही किती दिवस पेज दिलीत. म्हणतील, "अगे बाय, कोण मोजतंय?"

आणखी एक. आपल्याकडे कॅथलिकांची थट्टा चालते की ते बिचारे कर्मांनी स्वर्ग कमावू बघतात. गोव्यात राहून निदान शेजाऱ्याची शिकवण तरी नीट माहीत करून घ्यावी. त्यांच्या त्रेंत इथे भरलेल्या धर्मसभेने जानेवारी १५४७ मध्येच लिहून ठेवलं की नीतिमान ठरण्याच्या आधीचं काहीही, ना विश्वास ना कर्म, ती कृपा कमावून देत नाही. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याला त्यांनी शापित ठरवलं. कृपेत आलेल्या माणसाच्या कर्मांना पुढे ते जे पुण्य मानतात तिथे आपलं त्यांचं जुळत नाही, ते वेगळं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या : आपल्या कोणत्याही गुणामुळे नाही, तर केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले, २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या, हेही प्रॉटेस्टंटच. एवढी शतकं भांडून ते लोक जिथे एकत्र आले, तिथून आपण एका झेरॉक्स केलेल्या तक्त्यावर मागे फिरलो. बाबांच्या दफनाला आमच्या चाळीतले एक कॅथलिक अंकल आले होते. ते अकरा मिनिटं संपल्यावर सगळे निघाले, ते मात्र छत्री मिटून मागे थांबले आणि त्यांनी कोंकणीत प्रभूची प्रार्थना म्हटली. आमची आई त्यांच्याबरोबर मराठीत पुटपुटत होती.

तुमची बाजू मला माहीत आहे. दोघा पंचांनी मला तीच ऐकवली. शिस्त राहणार नाही, तरुण पोरं म्हणतील प्या, खा, शेवटी चोरासारखं एक वाक्य बोला आणि जा. ही भीती खोटी नाही. दारूड्याच्या घरात वाढलेल्या मला ती तुमच्यापेक्षा जास्त कळते. पौलालाही लोकांनी हेच विचारलं होतं : कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का? त्याने 'मुळीच नाही' म्हटलं, पण म्हणून कृपेला फाटक बसवलं नाही. शिस्त लावायचीच तर जिवंतपणी लावा. बाबा नऊ वर्षं चर्चला आले नाहीत. त्या नऊ वर्षांत पंचांपैकी किती जण आमच्या दारात आले? दोनदा वर्गणीचं पुस्तक आलं, तेवढंच. जित्याजागत्या माणसामागे जायचं नाही आणि मेल्यावर त्याचं प्रेत अडवायचं, याला शिस्त म्हणत नाहीत.

माझं मागणं असं. अंत्यविधीचा ठराव जानेवारीच्या सभेआधी मागे घ्यावा, आणि मागे घेतल्याचं पुलपिटावरून वाचून दाखवावं, जसा तो वाचला तसाच. घरोघरचे भरून आलेले तक्ते ज्याचे त्याला परत करावेत. कोणाचा नवरा पितो, कोण उपास करत नाही, हे कागद कपाटात राहता कामा नयेत. मंडळीत बाप्तिस्मा घेतलेल्या कोणाचाही देह, तो देणगीदार असो की थकबाकीदार, चर्चच्या आत यावा आणि सगळ्यांसाठी उपासनेचा क्रम एकच असावा. भाषणं किती, फुलं किती, ते घरच्यांनी ठरवावं.

पुलपिटामागच्या भिंतीवरची देणगीदारांची संगमरवरी पाटी फोडा असं मी म्हणत नाही. ती बाहेर सभागृहात लावा, जिथे हिशेबाचे ताळेबंद लागतात. देणगीची नोंद असायला हवीच, पावती द्यायलाच हवी. फक्त ती वचनाखाली नको.

शेजारच्या काकींकडे पाळकसाहेबांनी एकदा जावं. माफी मागायची की नाही ते त्यांनी ठरवावं. पण जाऊन बसावं, पेज घ्यावी.

बाबांसाठी नवी उपासना मी मागत नाही. आईला विचारलं, ती नको म्हणाली. त्यांना पुरलंय तिथे तेरडा उगवला होता. आता सुकलाय. मागणं एवढंच आहे की "माझं होईल का" असं पुढच्या कोणी विचारलं तर पाळकांनी त्याला संडे स्कूलचं उत्तर द्यावं. लगेच.

सोबत माझा तक्ता जोडला आहे. नाव, पत्ता आणि सभासद क्रमांक भरला आहे, खाली सहीही केली आहे, कारण सभासद मी आहे आणि राहणार आहे. मधले रकाने कोरे आहेत.

आपली बहीण,
मंडळीची एक सभासद
वास्को, गोवा